गार डबी

रविवारी सकाळी आमच्या गडमुडशिंगीत रांग लागते ती मटणाच्या दुकानापुढे. हल्ली मात्र ती मंगल कार्यालयापुढे लागत होती. तिथे ब्रदर सयाजींची प्रार्थनासभा भरे. पहिल्यांदा येणाऱ्याला चहा, शिरा आणि सोडतीत प्रेशर कुकर. दारात मिळालेल्या डबीत नावाची चिठ्ठी घालून ती घागरीत टाकायची, ब्रदर त्यातली एक काढत. ज्याचं नाव निघेल, त्याला कुकरबरोबर आजारातूनही सुटका.

एका रविवारी शेजारच्या बनाबाईंचं नाव निघालं. त्यांनी कुकर घरी आणला आणि साखरेच्या गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळू लागली.

"वहिनी, गोळी घ्या," मी कसंबसं म्हणालो.

"भावजी, दारात डबी हातात दिली तवाच बर्फागत गार लागली. देवानं हात लावला हुता की. तुमच्या पुस्तकात हाय व्हय ह्ये?"

नव्हतं. पण ती गार डबी माझ्या डोक्यातून जाईना. मी हायस्कूलच्या पूर्णिमाबाईंना गाठलं. त्या विज्ञान शिकवतात आणि लहानपणापासून शहरातल्या जुन्या चर्चला जातात.

"आमच्याकडं रविवारी घंटा वाजते काका, कुकरची शिट्टी नाही," त्या चिडून म्हणाल्या. "डब्या कोण वाटतं?"

"एक बाई. सरबताच्या बर्फपेटीजवळ बसून, असं बनाबाई सांगत होत्या."

त्या गालात हसल्या. "तुम्ही तिथं कधी गेला नाहीत ना? मग तुम्ही नवे."

मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

पुढच्या रविवारी दारात मला साधी स्टीलची डबी मिळाली. मी नावाची चिठ्ठी आत घातली. रांगेत पूर्णिमाबाईंनी ती आपल्या बर्फाच्या थर्मासात बुडवली आणि घागरीशी पोचताच पुसून माझ्या हातात दिली. बोटं बधिर झाली. डबी घागरीत पडली.

ब्रदर सयाजींनी डोळ्यांवर पट्टी बांधून घागरीत हात घातला. "आत्मा येतोय... बोटांत उतरतोय..." हात एकीकडे थांबला, दुसरीकडे गेला, परत आला. "आज देव दोघांत अडलाय."

"एक त्यांची, एक आपली," पूर्णिमाबाई कुजबुजल्या.

ब्रदरनी एक डबी काढून उघडली. "हंबीरराव!"

हे नाव मला आयुष्यभर मोठंच झालंय. मी मंचावर गेलो.

"बोला पावणं, कुठला आजार गेला?"

मागच्या दाराने पळावंसं वाटत होतं. पण समोर साक्ष द्यायला आलेल्या बनाबाई बसल्या होत्या, पायाला फडकं गुंडाळून.

"मला लाजण्याचा आजार आहे," मी माइकवर म्हणालो. "तो अजून तसाच आहे. आणि ही डबी आम्ही बर्फात ठेवली होती."

हशा पिकला. पूर्णिमाबाईंनी घागर टेबलावर पालथी केली. सगळ्या डब्या सारख्याच.

"आत्या, डोळे मिटा आणि देवाची डबी शोधा," त्या बनाबाईंना म्हणाल्या.

बनाबाईंनी चाचपडत एक गार डबी उचलली. उघडली. आत गावातल्या, दम्याने धापा टाकणाऱ्या दानम्माचं नाव निघालं.

बनाबाईंनी डबी गालाला लावली. "येवढंच हुतं व्हय?"

"शंकेमुळं आत्मा निघून गेला," ब्रदर म्हणाले.

"आत्मा जाऊ दे की," मागून कुणी ओरडलं, "पेटी उघडा."

पेटीत सरबताच्या बाटल्यांमध्ये आणखी दोन डब्या गारठत पडल्या होत्या.

दुपारी बनाबाई माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. वाटेत म्हणाल्या, "कुकर परत द्यावा का?"

"ठेवा वहिनी. त्यात डाळ शिजते. साखर मात्र उतरत नाही."

मला उपदेश जमत नाही. प्रार्थना ज्याला करायची त्याने खुशाल करावी. पण कुणी हातात चमत्कार दिला, तर तो गार का लागतो एवढं विचारावं. आणि उत्तर काहीही येवो, गोळी बंद करू नये.