रंगाखालचं तेल

ठोकळा अलगद हातात आला, तेव्हा ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वॉटर स्कूटरचं इंजिन तिने साखळीने वर टांगलं होतं आणि रिकाम्या तळात डोकं खुपसून ती बघत होती. इंजिनाचे पाय ज्या चार फायबरच्या ठोकळ्यांवर बसतात, त्यातला एक मुळापासून सुटून लोळत पडला होता. खालच्या अंगाला जुनं तेल तसंच होतं. वरून मात्र पांढराशुभ्र रंग, बघत राहावा असा.

हे काम तिच्या धाकट्या भावाचं. स्कूटर किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांची, आणि तिच्यावर रोज गस्तीला जाणारा माणूस ताईचा नवरा. परवा भर लाटांत ठोकळा उखडला, इंजिन कलंडलं, आत पाणी शिरलं. बुडणाऱ्यांना काढणाऱ्यालाच कोळ्यांनी ओढून बाहेर काढलं. दुसरी स्कूटर नव्हती, त्यामुळे पुढच्या आठवड्यात तो पुन्हा हिच्यावरच बसणार होता.

"घासलं नव्हतंस?" ताईने विचारलं.

"घासलं की. थोडं."

"कुठे? दाखव."

धाकटा हसला. अडचणीत आला की तो हसायचा आणि आई होती तोवर ते खपूनही जायचं. "दाजी धडधाकट आहेत ना? झालं तर मग. लाटच मोठी होती गं. बाकीचे तीन बघ, हलत तरी आहेत का?"

ताईने दुसऱ्या ठोकळ्याखाली छिन्नी लावून एकच हातोडी मारली. टचकन निघाला. तिसराही तसाच. चौथ्यापाशी तिने छिन्नी त्याच्याकडे फेकली. तिची गरजच पडली नाही. त्याने नुसत्या हाताने हिसका दिला आणि ठोकळा सुटला. मग त्याचं हसू मावळलं.

"आधी तेल पुसायचं," ती दातओठ खात म्हणाली. "मग कोरं फायबर दिसेपर्यंत घासायचं. मग ठोकळा चिकटवायला रेझिन आणि काचेचं कापड. रंग सगळ्यात शेवटी. बाबांनी दोघांना एकदमच शिकवलं होतं. तुझ्या डोक्यात फक्त रंग राहिला, कारण लोक त्याचीच वाहवा करतात."

धाकट्याने तोंडाला मास्क लावला आणि मुकाट्याने कामाला लागला. दुपारभर पांढरी भुकटी उडत होती. ताई दाराशी त्याच्याकडे पाठ करून बसली होती. त्याचं तोंड बघायची तिला इच्छाच नव्हती.

"झालं," तो शेवटी म्हणाला. "रेझिन कालवू?"

ती बघायला उठली नाही. "कालव. सगळं नीट सुकलं की पहिली फेरी तू मारायचीस. खडकांच्या पलीकडे, एकट्याने."

मागे रेझिनचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मागचा डावा कोपरा परत एकदा घासून घेतो," धाकटा म्हणाला आणि त्याने ग्राइंडर सुरू केला.

ताई उठली. इतका वेळ ती त्याला नुसता आळशी समजत होती. तिने भिंतीतला प्लग उपटला.

"म्हणजे कुठे कमी पडलंय ते तुला बरोबर कळतं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या वेळीही कळलं होतं."

धाकट्याने मास्क काढला नाही.