जुन्या सीटचं कव्हर

लातूर जिल्हा झाला आणि विरूपाक्षच्या सीट-कव्हरच्या दुकानाला बरे दिवस आले. साहेब लोक आले, त्यांच्या मोटारी आल्या. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. रेक्झिन बेतायचं विरूपाक्षनं आणि शिवायचं त्याच्या बायकोनं, जगदेवीनं. ती घरीच मशीनवर बसायची. लग्न झाल्यापासून गावातल्या कितीतरी मोटारींच्या सीटांवर तिचीच टीप होती, आणि नवरा ते चारचौघांत सांगायचाही.

त्या उन्हाळ्यात कंधारकडची सिंधु दुकानात कामाला लागली. रानात काही उरलं नव्हतं, नवरा पुण्याकडं बांधकामावर गेला होता. गाडीच्या जुन्या सीटा उसवायच्या, खालचं कार्पेट काढून पत्र्याचा गंज खरवडायचा, ही कामं तिच्याकडं. थोड्याच दिवसांत विरूपाक्ष जेवताना सांगू लागला, सिंधुचा हात लई साफ हाय. पुन्हा पुन्हा तेच ऐकून जगदेवीनं एकदा भाकरी त्याच्या ताटात जरा जोरातच टाकली. मग दुपारचा डबा ती स्वतःच दुकानात नेऊ लागली. दोघं गाडीत वाकून काही बघत असले, की ती डब्याचं झाकण मुद्दाम वाजवायची.

एके दिवशी अडतवाल्या गुरुपादप्पांची अँबॅसॅडर आली. कचेरीला भाड्यानं लावायची म्हणून ती आतून नवी करायची होती. जगदेवी डबा घेऊन गेली तेव्हा विरूपाक्ष बाजारात गेला होता आणि टँकर आला म्हणून सिंधु घागर घेऊन रांगेत उभी होती. मागची सीट लिंबाखाली अर्धी उसवून ठेवली होती. टाका न् टाका सुटा, रेक्झिनला ओरखडा नाही. जगदेवी बघत राहिली. उसवायला काय अक्कल लागते, असं तिच्या मनात आलं. तिनं पदर खोचला आणि पातं उचललं.

सिंधु यायच्या आत उरकायचं, या नादात तिनं टाके सोडून कव्हरच ओढलं. उन्हानं कडक झालेलं रेक्झिन कोपऱ्यापासून मधोमध टरकलं. जुनं कव्हर अख्खं निघालं, तरच त्यावरून नवं बेतता येतं, हे तिला का ठाऊक नव्हतं? ती डबा उचलून बाजूला जाऊन उभी राहिली.

विरूपाक्ष आला, पाठोपाठ सिंधु. कव्हर बघून तो सिंधुवर असा कडाडला, की शेजारचा सायकलवाला बाहेर आला. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला. सिंधुनं एकदाच जगदेवीकडं पाहिलं. मग घागर खाली ठेवली आणि फाटके तुकडे जमिनीवर जुळवत बसली.

जगदेवीला आधी गार वाटलं. हेच तर तिला हवं होतं. पण ज्या तोंडानं रोज कौतुक केलं, त्याच तोंडानं यानं एका दमात बाईला हाकललं. उद्या आपली टीप चुकली तर?

"मी फाडलं," ती म्हणाली. "ती पाण्याला गेलती."

"तू कशाला हात लावलीस?"

"रोज तिचा हात साफ म्हणता. एवढ्यात माझी शिलाई नीट बघितलाव का कवा?"

विरूपाक्ष खिशात खडू चाचपू लागला. सिंधु खाली मान घालूनच म्हणाली, "अक्का, कोपरा जुळायलाय. तेवढं वरून धरा."

जगदेवी टेकली. दोघींनी तुकडे नव्या रेक्झिनवर दाबून धरले आणि विरूपाक्षनं त्यांच्या कडेनं खडू फिरवला. उद्या ये, असं तो स्वतः सिंधुला काही म्हणाला नाही. जगदेवीनंच तिला लवकर ये म्हणून सांगितलं.

सकाळी जगदेवीनं मशीन हातगाड्यावर घातलं आणि दुकानात आणलं. घरात उजेड पुरत नाही, असं तिनं शेजारणीला सांगितलं. मशीन मांडताना मात्र तिनं दोनदा जागा बदलली आणि सिंधु व नवरा दोघंही नजरेत राहतील, अशा बेतानं ती पायडलवर पाय ठेवून बसली.