जकात कचेरीची जीभ

जकात कचेरीत चाखेबुवांचा हुद्दा मोठा नव्हता, पण त्यांच्या जिभेचा दरारा मोठा होता. बोटीवरून खाण्याचा माल उतरला की त्यातला एकेक डबा त्यांच्या टेबलावर फोडायचा, बुवांनी चमचाभर चाखायचं आणि कागदावर एक शब्द लिहायचा. ‘गोड’ लिहिलं की जकात जबर. ‘खारट’ लिहिलं की निम्मी. ‘बेचव’ लिहिलं की माफ. आता गोऱ्या साहेबांच्या देशातून येणारी बिस्किटं नेमकी बेचव निघायची आणि आपल्या माणसांना लागणारी साखर नि खजूर नेमके गोड निघायचे, याला बुवा बिचारे काय करणार! कायदा करणाऱ्यांनी आधी स्वतःच्या ताटात डोकावून मगच कायदा केला होता, हे उघड होतं.

तर अशा या चाखेबुवांची चव गेली. पेन्शनीला उरले होते फक्त सहा महिने, आणि एका मेल्या तापाने जिभेचं पार लाकूड करून टाकलं. साखर काय नि वाळू काय, सगळं सारखंच. चव गेलेल्या चाखणाऱ्याला कोण ठेवून घेणार? नोकरीही जायची आणि पेन्शनही. म्हणून बुवांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, अगदी बायकोलाही नाही.

पण बुवा पक्के बेरकी. त्यांच्या दाराशी एक म्हातारा शिपाई बसायचा. त्याच्या पोटात काही राहत नसे, आणि चेहऱ्यावर तर काहीच लपत नसे. बुवा चमचाभर स्वतः खायचे आणि चमचाभर त्याला द्यायचे. गोड असलं की म्हाताऱ्याचे गाल वर चढायचे, डोळे मिटायचे. खारट असलं की एक डोळा बारीक व्हायचा, नाक मुरडलं जायचं. बेचव असलं की तो चघळत चघळत खिडकीबाहेर बघत बसायचा. बुवा तोंडाकडे बघून लिहायचे. दोन महिने एक चूक झाली नाही.

मग त्या सोमवारी डबाबंद फळांच्या चाळीस पेट्या आल्या. म्हाताऱ्याने फोड तोंडात घातली मात्र, डोळा बारीक, नाक मुरडलेलं, वर “आई गं!” बुवांनी ठोकून दिलं: खारट.

बुधवारी मोठ्या साहेबाचं बोलावणं आलं. बुवा उठले तर दारात शिपाई सुजलेला गाल धरून बसलेला.

“काय झालं हो?”

“दाढ, बुवा. रविवारपासून ठणकतेय. बाकी काही नाही, पण गोड लागलं की जीवच जातो.”

म्हणजे सोमवारचं ते तोंड गोडाचंच होतं!

साहेबाच्या टेबलावर दोन बश्या मांडलेल्या होत्या. दोन्हींत सारख्याच पांढुरक्या फोडी.

“व्यापाऱ्याकडून लाच घेतलीस?” साहेब म्हणाला. “एकीत त्याच पेटीतली पाकातली फळं आहेत, दुसरीत मिठातली. माझ्यासमोर चाखून सांग. चुकलास तर उद्यापासून येऊ नकोस.”

“आधी साहेबांनी घ्यावं,” बुवा घाईने म्हणाले. “मान साहेबांचा.”

साहेबाने दोन्हीतली एकेक फोड खाल्ली. बुवा टक लावून बघत राहिले. पण त्या चेहऱ्यावर काही उमटेल तर शपथ! दगड बरा. चौतीस वर्षांची नोकरी, आणि ती दोन बश्यांत येऊन अडकली. त्यांनी मान खाली घातली, तर टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग चढत होती. वर आली, वळली, आणि डाव्या बशीकडे अजिबात न बघता थेट उजवीत शिरली.

बुवांनी दोन्हीकडची फोड चाखली, डोळे मिटले, उगाच मान डोलावली. “उजवीकडची गोड, साहेब.”

“मग सोमवारी खारट कसं लिहिलंस?”

“दाढ दुखत होती, साहेब. भयंकर.”

साहेबाचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला. दाढ कुणाची, ते त्याने विचारलं नाही आणि बुवांनी सांगितलं नाही. “दुरुस्त कर आणि जा,” तो म्हणाला.

संध्याकाळी बुवा खुशीत जेवायला बसले. “वा! काय भाजी झालीय!”

“मीठ नाहीये तिच्यात,” बायको म्हणाली. “कालही नव्हतं. परवा दुप्पट होतं, तर तुम्ही दोनदा मागून घेतलीत.”

बुवांनी घास ताटात ठेवला. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं: ताप, म्हातारा, दाढ, मुंग्या. बायको हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अहो, दोन महिने एकटेच झुरत बसलात? मला परकं केलंत ना!”

“तुला काळजी नको म्हणून गं.”

“काळजी मी केव्हाची करतेय.”

सकाळी तिने डब्याबरोबर एक काडेपेटी हातात ठेवली. झाकणाला बारीक भोकं होती.

“हे काय?”

“मुंग्या. रात्रीपासून उपाशी ठेवल्यात.”

बुवांनी काडेपेटी कानाशी धरली. “अगं, पण यांना गोडच कळणार. खारटाचं काय?”

“ते रुमालात बांधून घरी आणा,” ती म्हणाली. “त्याला मी आहे.”