चाळणीतून वाचलेला देठ

मी एक टाचणी आहे, मित्रांनो. कापडात खुपसायची नव्हे, पाण्याकाठी उडणारी. करंगळीच्या एका पेराएवढी लांब आणि दोऱ्यासारखी बारीक. चतुर हा माझा थोरला चुलतभाऊ. तो पंख पसरून मिरवत बसतो, मी मात्र ते पाठीवर मिटून घेते. तरुणपणी मी लालभडक होते, आता शेवाळी झाले. तुम्ही मला पाहिलंच नसेल. खाली वाकून बघायची तुम्हाला सवय कुठे आहे? हे मी रागानेच विचारते.

एका रोपवाटिकेमागच्या सिमेंटच्या हौदात मी जन्मले. तेव्हा शेपटीला तीन नाजूक पानं होती. त्यांच्यामुळे पाण्यात श्वास घेता येई. दिवसभर मी डासांच्या अळ्या खाई. ज्याने एवढासा देह दिला, त्यानेच हे काम नेमून दिलं होतं. ते मी निष्ठेने केलं. कौतुक कुणी केलं नाही.

पंख फुटल्यावर त्याच हौदातल्या पाणवेलींच्या देठांत मी अंडी घातली. पिल्लं निघाली, वाढू लागली. आणि एके दिवशी मालकीणबाई दिराला म्हणाल्या, "भावोजी, डासांनी फोडून काढलंय. गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबत नाही."

"मग काय टाळ्या वाजवत बसू, वहिनी?"

माती चाळायची चाळणी घेऊन तो आला. वेली उपटल्या, वळवळणारं सगळं उपसलं आणि तापल्या फरशीवर आपटलं.

वहिनी वाकल्या. "अहो, यांच्या शेपटीला पानं आहेत. ही डासांची नव्हेत."

"मग शाळेत घाला त्यांना!"

माझी पिल्लं तिथेच सुकली. डास निपजत होते ते कुंड्यांखालच्या बशांमध्ये! आता हौदातल्या अळ्या खायलाही कुणी उरलं नाही; आठवड्यात डास दुप्पट झाले. दिराचं तोंड सुजलं. मला वाईट वाटलं नाही. देव मला क्षमा करो.

हौदात एकच देठ उरला होता. शेवटची अंडी मी त्यात घातली. काल चाळणी पुन्हा आली, तेव्हा वहिनींनी ती हिसकावून घेतली. "आधी त्या बशा पालथ्या करा. हौदाला हात लावलात तर आज जेवण स्वतः रांधा!"

कुरकुरत त्याने बशी उचलली. तिच्यात अळ्यांचा बुजबुजाट होता. शेपटीला पानं नव्हती. त्याने ती पालथी केली आणि पुढची उचलली.

मित्रांनो, माझे चार दिवस उरलेत. तुमची माया मला नको, तुम्हाला माफीही नाही. त्या देठापासून तेवढा हात लांब ठेवा.