पुढच्या ओळीतल्या कुंड्या

उन्हाळ्यात आमचं मागचं अंगण बघायला गल्लीतल्या बायका येतात. लाल-केशरी झिनिया, पांढरी-गुलाबी सदाफुली, आणि ऊन चढलं की डोळे उघडणारी ऑफिस टाइमची फुलं सगळ्या फरशीवर सांडलेली असतात. "हात चांगला आहे हो तुझा," असं त्या म्हणतात. हात कसला! माझ्या नवऱ्याचा पाय चांगला आहे. तो कुंड्या फोडतो, ऑफिस टाइमची फांदी मोडून पडते तिथंच फरशीच्या फटीत रुजते, आणि एका झाडाची चार होतात.

नवरा मालाचा ट्रक चालवतो. बाहेर शेळी, घरात वाघ. मालकानं झापलं की मान खाली घालून ऐकतो, ट्रक मागच्या बोळात लावतो आणि अंगणाच्या मागच्या दारानं आत येतो. मग जे पहिलं समोर येईल त्याचे तीनतेरा. लग्नानंतर सुरुवातीला समोर मीच असायची. माझा डावा कान त्याच काळात गेला.

एकदा दारात सदाफुलीची कुंडी राहून गेली. त्यानं ती लाथेनं उडवली, दुसरी भिंतीवर आपटली, तिसरी फोडता फोडता त्याला धाप लागली, आणि पाणी पिऊन तो झोपला. माझ्या अंगाला बोटही लागलं नाही. खापऱ्या गोळा करताना मला चक्क हसू आलं.

तेव्हापासून मी तडा गेलेल्या मातीच्या कुंड्या आणते. कुंभाराला वाटतं, बाई चिकट आहे. वाटू दे. मरायला तयार असलेली झाडं पुढच्या ओळीत, दाराशी. माझी लाडकी झिनिया मागे, भिंतीला धरून. कुंडी मोठा आवाज करून फुटली पाहिजे, म्हणजे त्याचं समाधान होतं. कुंडी फुटली की माझं हाड वाचतं, इतका सरळ हिशोब.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या धाकट्या भावाला तर मुळीच नाही. तो सिमेंटचे पाईप आणि बाकं ओतायच्या कारखान्यात कामाला आहे. आला की खापऱ्या बघायचा.

"ताई, परत फुटल्या?"

"बोके रे. भांडतात मेले."

खरं सांगितलं असतं तर त्यानं दाजींचा गळा धरला असता आणि स्वतः तुरुंगात गेला असता. आमच्या घराण्यात राग नाकावर असतो. मी नवऱ्याला नाही, भावाला वाचवत होते.

त्या दिवशी मी इस्त्रीच्या दुकानातल्या कामावरून दुपारी घरी आले, तर भाऊ अंगणात उभा. कोपरापर्यंत माती, तोंडभर हसू. पुढची सगळी ओळ सिमेंटच्या कुंड्यांची. माझ्या मातीच्या कुंड्या त्यानं रिकाम्या करून कचऱ्याच्या गाडीत टाकून दिल्या होत्या.

"तुला सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस," तो म्हणाला. "आत सळई घातलीय, ताई. आता बोका काय, हत्ती येऊ दे. फुटली तर नाव बदलीन."

माझी नजर मागच्या दाराकडे गेली. तरी मी म्हटलं, "छान झाल्यात." त्याची कारखान्यातली पाळी सुरू व्हायची होती, तो घाईनं गेला. मी एक कुंडी ढकलून बघितली. ती जागची हलली नाही.

आणि बोळात ट्रक थांबला. भर दुपारी! म्हणजे आज मालकानं नुसतं झापलं नव्हतं, फेरी काढून घेऊन घरी हाकललं होतं.

मी स्वयंपाकघरात धावले. फुटेल असं काय आहे? पाण्याचा माठ. तो तसाच भरलेला उचलला, पाणी सांडत आणला आणि दाराच्या मधोमध ठेवला. घे बाबा, हा फोड. हात जोडून मी बाजूला उभी राहिले.

त्यानं माठाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या पायाला सवय कुंड्यांची. त्यानं नेहमीच्या जागी, नेहमीच्या जोरानं लाथ घातली.

आवाज झाला, पण कुंडीचा नाही. त्याचं बोट की पाऊल, काहीतरी कटकन मोडलं. तो ओरडला. मग त्यानं कुंडीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"तू केलंस हे."

"अहो, नाही हो. माझ्या भावानं—"

कोपऱ्यात माती उकरायची छोटी पहार होती. ती घेऊन तो लंगडत आला. पहिला घाव खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडलेलं मला आतून ऐकू आलं. मी मागच्या ओळीत झिनियावर पडले. दुसरा घाव पाठीवर. तोंडात रक्त आणि माती आली. तिसऱ्या वेळी त्यानं पहार डोक्यावर उचलली, आणि जोर लावायला मोडलेला पाय टेकला.

तो पाय वाकला. तो कोसळला, तोंड सिमेंटच्या काठावर आपटलं, नाकाचा चेंदा झाला. पहार माझ्याकडे गडगडत आली.

थोडा वेळ आम्ही दोघं फरशीवर पडून होतो. नवरा-बायको, फुलांच्या मधोमध.

"हात दे," तो म्हणाला. मी हलले नाही. तेव्हा तो रक्त थुंकून हळूच म्हणाला, "पाय बरा होऊ दे. मग तुला याच कुंडीत पुरतो."

तो थापा मारणारा माणूस नाही. मी उजव्या हातानं पहार उचलली. एक हात निकामी, त्यामुळे नेम नीट लागेना. पहिला घाव फरशीवर गेला. दुसरा त्याच्या चांगल्या गुडघ्यावर बसला, तिसराही तिथंच. तो किंचाळत राहिला. मग मी पहार ठेवली आणि बाहेर जाऊन हाका मारल्या.

दवाखान्यात महिला पोलीस माझ्या खाटेशी बसल्या. भाऊ पायाशी उभा होता, त्याला एव्हाना सगळं कळलं होतं. त्याच्या तोंडाकडे मला बघवत नव्हतं.

"पाय कुंडीवर मोडला, नाक काठावर फुटलं, इथपर्यंत समजलं," बाई म्हणाल्या. "पण तो खाली पडला होता. पहार तुमच्या हातात होती. मग दुसरा पाय का?"

भाऊ म्हणाला, "ताई, काही बोलू नकोस."

"एक पाय लवकर बरा झाला असता, बाई," मी म्हटलं. "मला निघून जायला वेळ हवा होता."