देणाऱ्याचा वाटा

बासष्टच्या हिवाळ्यात लंडनला असं दाट धुकं पडलं होतं की कार्डांचा गठ्ठा हवेत सोडला तरी तो तिथेच टेकून राहायचा. खोटं वाटेल, पण मीच सोडायचो. विद्यापीठात माझं काम एवढंच: गणितवाल्यांच्या कार्डांना भोकं पाडायची आणि ती गणकयंत्राला चारायची. बहुतेक कार्डं सेड्रिक लॅमलीची असत.

त्याचं गणित सांगायला सोपं. प्राणी नऊ-नऊच्या टोळ्यांत राहतात. काही परोपकारी, म्हणजे पदरचं टोळीला वाटणारे; बाकीचे आयतोबा, नुसतं घेणारे. टोळीच्या आत आयतोबांचीच चंगळ. पण परोपकारी जास्त असलेल्या टोळीला पिल्लं अधिक होतात. पिढी सरली की सगळे एकत्र मिसळायचे आणि पुन्हा जमेल तशा नव्या टोळ्या. शेवटी उरतं कोण?

लॅमलीचा धाकटा भाऊ युद्धात बोट बुडताना आपलं तरंगतं जाकीट दुसऱ्याला देऊन बुडाला होता. याबद्दल लॅमली एकदाच बोलला, तेही मीठ मागावं तशा आवाजात. "असली माणसं संपत नाहीत, हॉब्ज, एवढं मला कागदावर हवंय." सहा वर्षं राबून त्याने ते कागदावर आणलं होतं. गुरुवारी सभेत वाचायचं होतं.

मंगळवारी चारच्या चहाला डोरीन पेटिफर त्याचे कागद घेऊन आली. आमच्यातली सगळ्यात तिखट गणिती. किटलीची पाळी लॅमलीची होती. त्याने आठ जणांना चहा ओतला, नववा कप स्वतःला.

"हेच, हेच केलंय तुम्ही!" डोरीन म्हणाली. "देणाऱ्याने दिलेलं नऊ जणांत वाटलंत. त्यात तो स्वतःही आला."

"तो टोळीतलाच आहे ना?"

"आहे हो. पण स्वतःच्या किटलीतून पिणाऱ्याला परोपकारी म्हणायचं, तर मीही संतच. रोज सकाळी एक अंडं उकडते, माझ्यासाठी!"

मी फिस्सकन हसलो. लॅमलीने कागदावरचा नऊचा आकडा खोडला. मग मला म्हणाला, "आठांत वाटून काढ. आत्ता."

यंत्र असं संथ की एका बेरजेत माझी मिशी बोटभर वाढायची. सहाला उत्तर आलं. एकोणिसाव्या पिढीत परोपकारी शून्य.

डोरीनचा तिखटपणा उतरला होता. "टोळ्या करताना सख्खी भावंडं एकत्र ठेवून बघा ना. मग टिकतात."

"जाकीट ज्याला दिलं, त्याचं नावही माझ्या भावाला ठाऊक नव्हतं," लॅमली म्हणाला आणि कोट घालून निघून गेला.

जुनं उत्तर वाचलं असतं तर सभेत कुणाला पत्ता लागला नसता. डोरीन गप्प बसणार होती, मी तर बसलोच होतो. गुरुवारी त्याने शून्य वाचलं.

मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे असे प्राणी असूच शकत नाहीत?"

"या गणितात नाहीत," लॅमली म्हणाला आणि फळा पुसायला वळला. फळा कोरा झाला, तरी तो पुसतच होता.