शिट्टीनंतर

चौसष्ट नंबर माणसांच्या ढिगाखाली गेला, तसा हेमचंद्र खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच थांबला. टीव्हीवर एकेक जण ढिगावरून बाजूला होत होता. लाल जर्सी, पांढरी जर्सी, पुन्हा लाल. सगळ्यात खाली अंकुर असणार, हे त्याला ठाऊक होतं.

"उठला का?" स्वयंपाकघरातून नीताने विचारलं.

"उठतोय," ऋचा म्हणाली. "हां, उठला. ओके आहे."

हेमचंद्र खाली बसला. सिंगापुरात, बेडोकच्या त्यांच्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रविवारची सकाळ होती आणि खालून मार्केटला निघालेल्या आज्यांच्या ट्रॉल्यांची खडखड ऐकू येत होती. टीव्हीवर मात्र अमेरिकेतली शनिवारची संध्याकाळ होती. ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजच्या मैदानावर त्यांचा मुलगा तिथला तो फुटबॉल खेळत होता. दोन वर्षं बाकावर बसून काढल्यावर आज त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं होतं, तेही त्या जागेवरच्या मुलाचा हात मोडला म्हणून. आज नीट खेळला तर जागा त्याची. नाहीतर मागे आणखी दोन पोरं बुटांच्या नाड्या बांधून तयारच होती.

हा खेळ हेमचंद्रला आधी मुळीच आवडला नव्हता. फुटबॉल म्हणायचं आणि चेंडू हातात धरून पळायचं, हा काय प्रकार, असं तो म्हणायचा. पण अंकुरचा कोच जुन्या वळणाचा निघाला. बाकीचे संघ चेंडू लांब फेकून टाळ्या मिळवतात, हा माणूस चेंडू फेकूच देत नसे. एकाने चेंडू छातीशी धरून धावायचं आणि पुढच्या पाच दांडग्यांनी समोरच्यांना रेटून त्याच्यासाठी वाट काढायची. तीन यार्ड, चार यार्ड, पुन्हा तेच. काय होणार हे समोरच्यांनाही माहीत असतं, तरी त्यांना ते अडवता येता कामा नये, एवढंच. त्या पाचांच्या हाती चेंडू कधीच येत नाही, आणि कॅमेऱ्यालाही ते फक्त ढिगाच्या तळाशी सापडतात. अंकुर त्या पाचांतला डावीकडचा.

हे मात्र हेमचंद्रला लगेच कळलं. इचलकरंजीत तो कबड्डी खेळायचा, संघाचा उजवा कोपरा सांभाळायचा. अंगाला अंग भिडवून समोरच्याला रेटणं म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अंकुर सात वर्षांचा असल्यापासून त्याने त्याला खाली समुद्राच्या वाळूत शिकवलं होतं. कंबर खाली ठेव. पडलास तर लगेच ऊठ. आणि दुखतंय हे समोरच्याला कधीही कळू द्यायचं नाही.

या शिकवणीमागे एक गोष्ट होती आणि ती सिंगापुरातल्या त्यांच्या ओळखीच्या एकाही मराठी घराला चुकलेली नव्हती. पुलाउ उबीन बेटावरच्या सहलीत सायकली झाडाला टेकवून सगळे डबे उघडून बसले, की कोणीतरी म्हणायचंच, हेमचंद्र, ती फायनल होऊन जाऊ दे. मग तो सांगायचा. उपांत्य सामन्यात उजवा खांदा निखळला. एका मालिशवाल्याने तो जागच्या जागी बसवला. दुसऱ्या दिवशी शर्टाखाली पट्टी आवळून, कोणालाही न सांगता हा फायनलला उतरला. शेवटची चढाई, एका गुणाचा फरक. समोरच्याचा घोटा त्याने त्याच हाताने धरला, तो गडी याला रेषेपर्यंत फरफटत घेऊन गेला, पण पकड सुटली नाही. आणि पंचांची शिट्टी. गोष्ट तिथे संपायची. मुलांना ती पाठ होती, हेमचंद्र पाण्याचा घोट कुठे घेतो ते सुद्धा.

दुसऱ्या क्वार्टरच्या आधी जाहिराती लागल्या, तेव्हा तो चिवडा घ्यायला आत गेला. मुंग्यांमुळे नीता चिवड्याचा मोठा स्टीलचा डबा अगदी वरच्या फळीवर ठेवायची. तो दोन्ही हातांनीच काढावा लागे.

"ऋचा," त्याने हाक मारली, "ये, डबा काढ. अशानं उंची वाढते."

"बाबा, मी ऑलरेडी तुमच्यापेक्षा उंच आहे," पंधरा वर्षांची ऋचा कुरकुरत आली आणि तिने डबा काढून दिला. नीता कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला, आणि चिवड्याची मूठ हेमचंद्रच्या हातातच राहिली.

अंकुर वाकून, उजवा हात जमिनीला टेकवून बसला होता. डावा हात मांडीवर असायला हवा. तो गुडघ्यावर गेला, गुडघा दोनदा दाबला आणि परत मांडीवर आला. चेंडू डावीकडून धावला. पुढच्या डावाला हात मांडीवरच राहिला. चेंडू उजवीकडून गेला. त्यानंतर पुन्हा गुडघा, पुन्हा डावीकडे.

हेमचंद्रच्या लक्षात आलं. आपल्या बाजूने रेटायचं आहे हे कळलं, की पोराचा हात आपसूक दुखऱ्या जागी जात होता. कबड्डीत हेमचंद्रने अशा खुणांवर कितीतरी गडी पकडले होते. एखादा चढाईला येताना एक पाय जपून टाकतो, मग त्याच पायाकडे झेप घ्यायची. आणि समोरच्या संघातला नव्वद नंबरचा राक्षस आता हळूहळू सरकत अंकुरच्या अगदी पुढ्यात येऊन बसायला लागला होता.

"उठला का?" आतून आवाज.

"उठला," ऋचा म्हणाली. या वेळी तिचा आवाज बारीक होता.

हेमचंद्रने तिच्याकडे पाहिलं. ती टीव्हीकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

हाफटाइमची शिट्टी झाली तेव्हा सामना बरोबरीत होता. हेमचंद्रने टीव्हीचा आवाज कमी केला.

"ऋचा, त्याच्या गुडघ्याला काय झालंय?"

"मला काय माहीत?"

"ऋचा."

तिने थोडा वेळ उशीशी चाळा केला, मग फोन त्याच्यासमोर धरला. गुरुवारचा मेसेज होता. सराव करताना डावा गुडघा वळला होता. सुजला होता, पण पट्टी बांधली की चालता येत होतं. कोणालाही सांगितलेलं नाही. खाली एक ओळ: बाबांना आत्ता सांगू नकोस, नंतर सांगू, ही विल बी सो प्राउड.

हेमचंद्रने ती ओळ दोनदा वाचली. आणि खरं सांगायचं तर त्याची छाती फुगली. काळजी वाटत होती, तरी फुगली. माझं पोर, असं त्याच्या मनात आलं, आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली.

मोसमाच्या सुरुवातीला कॉलेजने पालकांना ट्रेनरबाईंचा नंबर दिला होता. तब्येतीबद्दल काहीही असेल तर कळवा म्हणून. हेमचंद्रने तो शोधून काढला आणि टाइप करायला घेतलं. माझ्या मुलाचा डावा गुडघा दुखावला आहे, कृपया तपासा. इंग्रजीत एका ओळीचं काम. पाठवायचं बटण अंगठ्याखाली होतं.

पाठवलं तर पोर पुढच्या पाच मिनिटांत बाहेर. दोन वर्षं वाट बघून मिळालेली जागा बापाच्या एका ओळीने जाणार. पुन्हा तोंड तरी बघेल का आपलं? आणि नाही पाठवलं तर समोर तो नव्वद नंबर होता. घड्याळात हाफटाइमची सहा मिनिटं उरली होती. मग चार.

"सेंड करा ना, बाबा," ऋचा म्हणाली.

"थांब जरा. अर्धाच तर सामना राहिलाय. पट्टी आहे त्याला."

"त्यानं खेळावं असंच वाटतंय तुम्हाला, इज इट?"

कानाखाली बसावी तसं त्याला झालं. "तुला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला, आवाज नको इतका चढला. मग त्याने ती ओळ अक्षर अक्षर करून पुसली आणि फोन टीपॉयवर पालथा ठेवला.

आतली चिरण्याची टकटक मधेच थांबली होती. ती पुन्हा सुरू झाली.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये लाल संघ मैदानात आला तेव्हा चौसष्ट नंबर होता. हेमचंद्रने सुटकेचा श्वास टाकला आणि तो अपुराच राहिला. पहिला डाव उजवीकडून. दुसरा उजवीकडून. तिसऱ्याला अंकुरचा डावा हात उचलला गेला आणि गुडघ्यावर आला. एकदा दाबला. दोनदा.

"नको," हेमचंद्र मोठ्याने म्हणाला. "हात काढ. हात काढ, अंकुर."

नव्वद नंबर खालून आला. दोघं एकमेकांवर आदळले, अंकुर एक पाऊल मागे गेला, मग कसाबसा पुढे, आणि मग सगळेच त्याच्या अंगावर कोसळले. कॅमेरा चेंडू घेतलेल्या मुलाच्या मागे गेला. तो सात यार्ड पुढे गेला होता, प्रेक्षक ओरडत होते, आणि ढीग पडद्याच्या बाहेर राहिला होता.

"उठला का?"

ऋचाने तोंडावर उशी धरली होती.

"अरे, उठला का?" नीता पदराला हात पुसत दाराशी आली.

कॅमेरा मागे वळला. अंकुर उभा होता. बाकीचे चौघं पुढच्या डावासाठी धावत निघाले होते आणि तो जागचा हलला नव्हता. त्याने बाजूच्या रेषेकडे बघून उजवा हात वर केला. सरळ, पूर्ण वर, वर्गात प्रश्न विचारायला करतात तसा. मग तो लंगडत बाहेर चालायला लागला. दुसरा एक मुलगा त्याच्या शेजारून धावत आत गेला.

हेमचंद्रला आधी राग आला. आपल्या पायांवर उभा आहे, मग बाहेर कशाला? अजून थोडं रेटता आलं असतं. हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने मान वळवली, तर दारातली नीता डोळे मिटून उभी होती.

"उठला," तो म्हणाला. "बाहेर गेला."

"बरं झालं," नीता म्हणाली, आणि आत जाऊन तिने गॅस बंद केला.

सामना अंकुरचा संघ जिंकला. त्याच्या जागी आलेला पोरगा चांगलाच खेळला, डावीकडून दोनदा वाट काढून दिली त्याने. समालोचकांनी त्याचं नाव चार वेळा घेतलं. हेमचंद्रने शेवटपर्यंत पाहिलं, पण एक डाव नीट कळला असेल तर शपथ.

साडेदहाच्या सुमाराला अंकुरचा फोन आला. ऋचाने तो स्पीकरवर टाकला. मागे पोरांचा गोंगाट होता.

"बाबा, बघितलं?"

"बघितलं. गुडघा कसा आहे?"

"उद्या एमआरआय. ट्रेनर म्हणते, कदाचित ऑपरेशन नाही लागणार. आणखी खेळलो असतो तर नक्की लागलं असतं, असं म्हणाली." तो थांबला. "कोच चिडलाय. गुरुवारीच का नाही सांगितलंस म्हणून. जागा गेली बहुतेक. ओके लाह, चालतंय."

"मग बाहेर कसा आलास?" हेमचंद्रने विचारलं, आणि ते विचारायचं नव्हतं असं त्याला लगेच वाटलं.

"पहिला हाफ तर खेचला. मग खाली पडलो होतो ना, सगळे वर होते, तेव्हा तुमची ती गोष्ट आठवली."

"फायनलची?"

"नाही. नंतरची." अंकुरचा आवाज जरा बिचकला. "पोलीस भरतीची. खेळाडूंच्या कोट्यातली ट्रायल. तुम्हाला दोन्ही हात वर करायला सांगितले आणि उजवा वर गेलाच नाही. मग पुन्हा कधी खेळलाच नाहीत. आईनं सांगितलं, मी इकडे येताना, एअरपोर्टवर. तुम्ही कॉफी आणायला गेला होता. विश्वासमामा होता ना तुमच्यामागे रांगेत?"

होता. नीताचा भाऊ विश्वास रांगेत त्याच्याच मागे उभा होता. जूनचं ऊन होतं, साहेबांच्या हातात शिट्टी होती, आणि ते दुसऱ्यांदा म्हणाले होते, दोन्ही हात, दोन्ही. लग्न त्यानंतर तीन वर्षांनी झालं. म्हणजे नीताला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तेवीस वर्षं ती प्रत्येक सहलीत शेजारी बसून शिट्टीपर्यंतची गोष्ट ऐकत आली होती.

"बाबा? खरं आहे ना ते?"

"खरं आहे," हेमचंद्र म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "चांगलं केलंस, अंकुर. हात वर केलास ते फार चांगलं केलंस."

"बस निघतेय, बाबा. उद्या करतो फोन."

फोन बंद झाल्यावर ऋचाने टीव्ही बंद केला. हेमचंद्र उठून स्वयंपाकघरात गेला. नीता ओट्याशी पाठमोरी उभी राहून पोह्यांवर कोथिंबीर घालत होती. चिवड्याचा डबा ऋचाने पुन्हा वरच्या फळीवर नेऊन ठेवला होता.

"नीता," तो म्हणाला, "तो डबा जरा काढून देतेस? माझा हात वर जात नाही."

नीताने चमचा खाली ठेवला. चवड्यांवर उभी राहून तिने डबा काढला, हातभर खालची फळी रिकामी केली आणि तो तिथे ठेवला.